तिला कळू देऊ नकोस, त्यांना कळू देऊ नका

॥ श्री ॥

जिंतूर,
दि. १६ सप्टेंबर २०२५

प्रिय ईश्वरअप्पा यास,
माधवचा स. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. परभणीला गाडी बदलताना जागाही मिळाली. पत्र पाहून हसू नकोस. आजकाल पत्र कोण लिहितं हे मलाही कळतं. पण तुझे कान गेल्यापासून तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे दवंडी पिटणं झालंय. तुला ऐकू यावं म्हणून मी ओरडायचं, आणि मलाही कमी ऐकू येतं असं समजून तू ओरडायचं. आमचं घर दोन खोल्यांचं. आत मोहरी तडतडली तरी ओसरीवर कळतं. गुपिताला कागद बरा.

अनसूयेला सांगितलं की तुझ्या नातवाच्या जावळाला आग्रहानं दोन दिवस ठेवून घेतलं. मनगटावर सुईचा डाग होता, तो बोरीचा काटा म्हणून खपवला. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं सफाईदार खोटं बोलता येतं, हे माझं मलाच नवीन होतं. तिनं हळद लावून दिली. तेव्हा मात्र लाज वाटली.

नांदेडच्या डॉक्टरांनी काढलेलं ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. तीन नळ्या आणि तिन्ही तुंबलेल्या. तीस वर्षं मोजणी खात्यात लोकांचे अडवलेले पांदण रस्ते मोकळे करून दिले, आणि माझ्याच छातीत हे अतिक्रमण. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत ऑपरेशन उरका. पण वैदेही डिसेंबरात बाळंत व्हायची आहे. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर हे दिवस आलेत, आणि तिला प्रवास मना आहे. अनसूयेकडून माझं कळलं तर पोरगी पुण्याहून निघेल, जावई शंतनुरावांचंही ऐकणार नाही. म्हणून तिचं होईपर्यंत माझं नाही.

गोळ्या घरी ठेवलेल्या नाहीत. वाचनालयात ग्रंथपाल संघप्रियाबाईंच्या कपाटात आहेत, पित्ताच्या म्हणून सांगितलंय. रोज नऊला पेपर वाचायला जातो, तिथंच घेतो.

भीती वाटते रे. चप्पल घालायला वाकलो की वाटते, रस्ता ओलांडताना वाटते. मरणाची म्हणावी तर तीही नक्की सांगता येत नाही. तू गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून अनसूयेबद्दल शब्द दिलायस. तिला कळू देऊ नकोस.

उत्तर वाचनालयाच्या पत्त्यावर धाड. लोभ आहेच, या दिवसांत थोडा वाढवलास तर बरं.

तुझा,
माधव


॥ ॐ नमः शिवाय ॥

पालम,
दि. २१ सप्टेंबर २०२५

मित्र माधवरावास,
ईश्वरअप्पाचा शरणु शरणार्थ.

पत्र भेटलं. आधी गल्ल्याखाली ठेवलं. पोरगा विरेश दुकानात आला म्हणून तिथनं काढून कोटाच्या खिशात ठेवलं, मग देव्हाऱ्यात. दुसऱ्याचं गुपित ठेवायला आख्ख्या घरात जागा सापडंना बघ. आपलं असतं तर कुठंबी पडलं असतं.

नांदेडात तू आत होतास तवा मी बाहेर बाकावर बसलो होतो. तिथं काय वाटलं ते लिहीत न्हाई. एवढंच म्हणतो, वहिनीला सांगून टाक. बायकांला आपुन लय नाजूक समजतो. पन्नास वर्षं झाली कापड विकायलोय, बाईमाणूस दहा लुगडी नाकारून शांत बसती, आणि गड्याला एक धोतर नापसंत पडलं की घाम सुटतो. नाजूक आपुनच.

पण शब्द दिलाय तर दिलाय. गोळ्या चुकवू नको. जिना चढू नको. लोभ जुना हाय, तो जपून वापर.

तुझाच,
ईश्वरअप्पा


॥ श्री ॥

जिंतूर,
दि. २७ सप्टेंबर २०२५

ती. ईश्वरअप्पा भावजी यांना,
अनसूयाचा शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून दचकाल. आधीच लिहिते, ह्यांना कळू देऊ नका.

घटस्थापनेला कपाट झाडायला काढलं. ह्यांच्या जुन्या नकाशांची गुंडाळी आहे, तिला मी कधी हात लावत नाही. यंदा वाळवी लागली का बघावं म्हणून सोडली, तर आत दवाखान्याची फाईल. इंग्रजीत. शेजारच्या राजेश्रीची मुलगी नर्सिंग शिकते, तिला दाखवली. पोरीनं वाचता वाचता फाईल मिटली आणि काकू, बसा म्हणाली. हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत भावजी. तारीख तुमच्याकडच्या जावळाच्या दुसऱ्या दिवसाची. मला तर जावळ सोडून नांदेडला कधी गेले तेच कळंना.

फाईलीत गोळ्यांची चिठ्ठी आहे, पण घरात गोळी नाही. पिठाचे डबे पाहिले, बूट पाहिले, मोजणीची पेटी पाहिली. म्हणजे कागद लपवला आणि इलाज सोडून दिला. ह्यांच्या वडिलांचं असंच झालं. मामंजींना डॉक्टरनं छातीचं सांगितलं, त्या दिवशी त्यांनी खाट धरली, औषधाला तोंड लावलं नाही, आणि अकराव्या दिवशी गेले. लोक म्हणाले हृदयानं गेले. भाकरी घेऊन मी जात होते. ते भीतीनं गेले.

मी विचारलं तर हे पण खाट धरतील. नाही विचारावं तर रोज डोळ्यांदेखत काय व्हायलंय ते बघत बसावं का? तुमच्याकडून आल्यापासून लय गोड बोलायलेत. घटस्थापनेच्या आधी एकदा मी भाजीत मीठ घालायचं विसरले, तर म्हणाले छान झाली. चाळीस वर्षांत नवरा असं बोलला तर बाईनं काय समजावं? फाईल तर नंतर सापडली, मी त्या भाजीलाच घाबरले होते.

तुमच्यापाशी काही बोलले का? तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही मला सांगितलंच असतं, तरी विचारते. काय करू ते लिहा. पत्र राजेश्रीच्या नावानं पाठवा.

माया असू द्यावी.

आपली,
अनसूया


॥ ॐ नमः शिवाय ॥

पालम,
दि. २ ऑक्टोबर २०२५

सौ. अनसूयावहिनी यांस,
ईश्वरअप्पाचे शरणु शरणार्थ.

पत्र भेटलं. तुमी फिकीर करू नका. माधव लहान न्हाई, त्याला त्याचं कळतं. डॉक्टर लोक कागदावर लय काय काय लिहित्यात.

इकडं पावसानं सोयाबीन पार कुजलं, दसऱ्याला दुकानात गिऱ्हाईक न्हाई. विरेशनं रेडिमेड ठेवायचं काढलंय. मला ते पसंत न्हाई, पण मला कोण विचारतंय.

थोडे दिवस जाऊ द्या. सगळं ठीक होईल. अक्षर नीट आलं न्हाई, सांभाळून घ्या. लोभ कमी करू नये.

आपला,
ईश्वरअप्पा


॥ श्री ॥

जिंतूर,
दि. १५ ऑक्टोबर २०२५

प्रिय ईश्वरअप्पा यास,
माधवचा स. न. वि. वि.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

आठ दिवसांपासून दात घासताना रक्त येतंय. दंडावर, मांडीवर निळे डाग पडलेत आणि कुठं लागलं ते आठवत नाही. परवापासून शौचाला डांबरासारखं काळं होतंय. काल वाचनालयातून येताना बसस्थानकासमोर डोळ्यांपुढं अंधारी आली. रसवंतीच्या बाकावर अर्धा तास बसून राहिलो. रसवाल्यानं विचारलं, काका, रस देऊ का? नको म्हणायलाही आवाज फुटला नाही, तर त्यानं ग्लास आणून ठेवला. मरतानाही माणसाला गिऱ्हाईक व्हावं लागतं.

गोळी एकही चुकवलेली नाही. तरी हे होतंय, म्हणजे गोळ्यांच्या पलीकडं गेलं असणार. डॉक्टरकडं गेलो तर लगेच भरती करून घेतील आणि घरी कळेल. वैदेहीचे अजून दोन महिने जायचेत. मला दोन महिने पाहिजेत अप्पा, जास्त नको.

घरी कसं चाललंय सांगू? मी अनसूयेकडं बघायला जावं तर ती आधीच माझ्याकडं बघत असते. मग दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतो. आजची तिथी आमच्याइतकी जिंतुरात कुणाला पाठ नसेल. तोंडाची चवही गेली. ती दुपारी आग्रहानं ताक देते, तेसुद्धा कडू लागतं. मी गटागट पितो आणि छान झालंय म्हणतो. ती वळून डोळे पुसते. ताकाचं कौतुक तिला एवढं लागतं, हे आधी कळलं असतं तर चाळीस वर्षं केलं असतं.

एक काम सांगून ठेवतो. मी गेलो आणि तुला आधी कळलं, तर तिला एकदम सांगू देऊ नकोस कुणाला. आधी तिला खाली बसव. तिला सगळ्या बातम्या उभ्यानं ऐकायची सवय आहे, आणि गुडघे चांगले नाहीत.

लोभ होता, आहे. पुढचं तू बघ.

तुझा,
माधव


॥ श्री ॥

जिंतूर,
दि. १६ ऑक्टोबर २०२५

ती. ईश्वरअप्पा भावजी यांना,
अनसूयाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र भेटलं. फिकीर करू नका म्हणालात, त्यावरून तुम्हाला काही ठाऊक नाही असं समजले आणि माझं मीच ठरवलं. आता सांगते, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवंना.

ती चिठ्ठी घेऊन मी मेडिकलवर गेले. दसरा झाल्यावरच्या रविवारपासून ह्यांना गोळ्या सुरू केल्यात. चिठ्ठीत लिहिलेल्या सगळ्या, एक पण सोडली नाही. खलबत्त्यात मैद्यासारख्या बारीक करते आणि दुपारच्या ताकात टाकते, वरून जिरं, मिरं, सैंधव. पहिल्या दिवशी मिठाची बरणी सांडली. ह्यांनी घोट घेतला, तोंड जरा वाकडं केलं, आणि छान झालंय म्हणाले. मला रडूच आलं. नवऱ्याला न सांगता औषध घालणारी बाई गोष्टीत ऐकली होती. ती बहुतेक मारायला घालती. मी जगवायला घालायलेय, पण चोरी ती चोरीच वाटते.

पण भावजी, गुण दिसंना. चेहरा खडूसारखा पांढरा पडलाय. चालताना भिंत धरतात, आणि मी बघितलं की भिंतीवरचा रंग बघतोय असं दाखवतात. कालपासून मला एकच वाटायलंय, औषध कमी पडत असेल. ताकात थोडं तळाशी राहतं ना. दिवाळी झाली की संध्याकाळच्या दुधात अजून एकेक द्यावी असा विचार आहे. तुमचं काय मत, लवकर कळवा.

मल्लम्मा वहिनी असत्या तर त्यांना विचारलं असतं. माया असू द्यावी.

आपली,
अनसूया


॥ श्री ॥

परभणी, दवाखान्यातून,
दि. २९ ऑक्टोबर २०२५

ईश्वरअप्पा भावजी यांना,
अनसूयाचा नमस्कार.

हे जिवंत आहेत. ते आधी लिहिते, कारण विरेशचा फोन दोनदा आला आणि मी उचलला नाही.

त्या शुक्रवारी तुमचा फोन आला तेव्हा हे जेवायला बसले होते आणि ताकाचा ग्लास ह्यांच्या हातात होता. मी पोळी लाटत होते, हाताला पीठ, म्हणून बोटाच्या कडेनं फोन स्पीकरवर घेतला आणि ओट्यावर ठेवला. तुम्ही काय बोललात ते तुम्हाला माहीत आहे. तुमचं सगळं पालम ऐकत असेल, तसं आमच्या गल्लीनं पण ऐकलं.

"वहिनी, ताकातली गोळी बंद करा. तो वाचनालयात रोज तीच गोळी घ्यायलाय. दोनदा चाललंय. त्याला दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

मी उभीच. हातात लाटणं. ह्यांनी ग्लास हळू खाली ठेवला, ताटाच्या उजवीकडं, जिथं रोज ठेवतात तिथंच. माझ्याकडं बघितलं. कॅलेंडरकडं नाही, माझ्याकडं. आणि म्हणाले, "म्हणजे मी मरायलो नव्हतो का?"

आणि हसले भावजी. लहान पोरासारखे हसले. हसत हसत उठायला गेले आणि पाय दुमडले. डोकं चौकटीला लागलं असतं, मी मधे हात घातला. राजेश्रीनं रिक्षा आणली. जिंतुरात सलाईन लावून तिथून अँब्युलन्सनं परभणीला. वाटेत एकदा रक्ताची उलटी झाली, केवढी ते लिहीत नाही. पोटात आतून जखम झाली होती. रक्त पातळ करायच्या गोळ्या दुप्पट गेल्या, नाडी पण बसत चालली होती. इथले डॉक्टर म्हणाले, अजून आठ दिवस असंच चाललं असतं तर आणायची गरज पडली नसती. संध्याकाळच्या दुधात पण द्यायचं मनात होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हालाच माहीत आहे.

गोळ्या दुप्पट कशा झाल्या असं विचारलं, तर आम्ही दोघं एकदम माझी चूक, माझी चूक म्हणायला लागलो. डॉक्टरांनी आम्हा दोघांकडं बघितलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं. तीन बाटल्या रक्त चढलं. तीन दिवस मी आयसीयूच्या पडद्याबाहेर होते. आत कुणी स्टूल सरकवलं तरी मी उठून पडद्याला कान लावायची. मी माझ्या हातानं वाटून दिलंय भावजी, मैद्यासारखं. आता स्वप्नात नाही, जागेपणी तो खलबत्त्याचा आवाज येतो.

काल ह्यांनी सगळं सांगितलं. नांदेडला तुम्हीच बरोबर होतात. मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं. माझ्या पत्राला तुम्ही सोयाबीनचं उत्तर दिलंत. एक ओळ लिहिली असती, तो औषध घेतो एवढीच, तर मी मेडिकलची पायरी चढले नसते.

तुम्ही फोन केलात म्हणून हे आहेत, ते पण कळतं. दोन्ही कळतं, त्यामुळं काय लिहावं ते कळत नाही. सध्या इकडं येऊ नका.

अनसूया


॥ ॐ नमः शिवाय ॥

पालम,
दि. ३ नोव्हेंबर २०२५

माधवरावास व सौ. अनसूयावहिनींस,
ईश्वरअप्पाचे शरणु शरणार्थ.

पाकिटावर पहिल्यांदाच दोघांचं नाव टाकलंय. आधीच टाकायला पाहिजे होतं.

तुमची दोघांची पत्रं मला एकाच दिवशी आली. दिवाळीच्या सुट्ट्यांत पोस्टात पडून होती. माधवचं आधी वाचलं आणि गल्ल्यावर डोकं टेकून बसलो. मग वहिनींचं फोडलं. ताकाचं वाचलं तरी माझ्या डोक्यात उजेड पडला न्हाई, लाज वाटती सांगायला. दुसऱ्यांदा वाचलं तवा कडू ताक आणि गोळ्याचं ताक एक झालं. दोन्ही पत्रं घेऊन समोरच्या मेडिकलवर दत्ताकडं पळालो. चप्पल एका पायात होती. तो म्हणाला, काका, पत्र कसलं लिहायलाव, फोन करा. मी ओरडलो ते कानामुळं न्हाई. भ्यालो होतो म्हणून ओरडलो.

वहिनी, तुमी लिहिलं ते सगळं कबूल. आता एक सांगतो, ते आजवर विरेशला बी सांगितलं न्हाई. मल्लम्माच्या पोटात गाठ होती. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मी तिला अल्सर म्हणून सांगितलं. चार महिने आमी दोघं एकाच खोलीत बसायचो आणि तुरीच्या डाळीवर बोलायचो, पाहुण्यांच्या लग्नावर बोलायचो. मी समजायचो, बिचारीला काय ठाऊक न्हाई. ती गेल्यावर लेक अनुपमा म्हणाली, आईला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आईनं तिला दम दिला होता, तुझ्या वडलांला सांगू नको मला ठाऊक हाय, ते भितील. चार महिने ती मला सांभाळत होती, आणि मला वाटायचं मी तिला सांभाळतोय. निरोप म्हणून घ्यायचा राहिला तो राहिलाच.

एवढं होऊन बी मी तुमच्या वेळेला त्याच बाजूला बसलो. शब्द पाळायचा म्हणून. खरं सांगायचं तर शब्द पाळणं सोपं असतं, गप बसायचं असतं. सांगायला छाती लागती.

दुकानात बघतो, नवराबायको साडीवरनं भांडत आत येत्यात, आणि मी मधे एक शब्द बोललो की दोघं मिळून माझ्यावर उलटत्यात आणि हातात हात घालून जात्यात. तुमचं तसं झालं तर माझी काय तक्रार न्हाई. या म्हणाल तवा येईन. न्हाई म्हणालात तरी रोज इकडं बसून भितोय तेवढं भिऊ द्या.

लोभ उरला असंल तेवढा पुरे.

ईश्वरअप्पा


॥ श्री ॥

जिंतूर,
दि. २४ नोव्हेंबर २०२५

प्रिय ईश्वरअप्पा यास,
माधव व अनसूया यांचा स. न. वि. वि.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, त्याचं कारण रागच. दोघांना आलटून पालटून यायचा. मला राग असला की ती तुझी बाजू घ्यायची, तिला आला की मी. गेल्या गुरुवारी दोघांनाही एकाच वेळी नव्हता, तेव्हा लिहायचं ठरलं. तुझं मल्लम्मा वहिनींचं पत्र तिनं वाचलं, घडी घातली, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा म्हणाली, ह्या माणसाला आपण दोघांनी मिळून काय ओझं दिलं होतं.

वैदेहीला सांगितलं. फोन मी केला आणि बोलली अनसूया. पोरगी काय म्हणाली माहीत आहे? बाबा महिनाभर फोनवर इतकं हसत होते की मला तेव्हाच संशय आला होता. तुम्ही घाबराल म्हणून विचारलं नाही. आमचं रक्त तपासून घ्यायला पाहिजे, मला वाटतं त्यातच काहीतरी आहे.

पोटातली जखम भरली. संभाजीनगरला ८ डिसेंबरला ऑपरेशन ठरलंय. वैदेहीची तारीख १४. अनसूयेला पुण्याला जायला हवं, पहिलं बाळंतपण आहे. तिथं शंतनुरावांच्या आई आहेत, पण आई ती आई. आधीची वेळ असती तर मी समजून गप्प बसलो असतो आणि जा म्हणालो असतो. परवा मात्र तिला खाली बसवलं आणि सांगितलं की मला भीती वाटतेय, तू जाऊ नकोस. हे वाक्य तोंडातून काढायला मला मोजणीची साखळी डोंगरावर ओढण्याइतके कष्ट पडले. ती म्हणाली, "मी आठ दिवस हेच ऐकायला थांबले होते."

भीती कमी झाली असं समजू नकोस. डॉक्टर छाती करवतीनं उघडतात म्हणे. जो भेटायला येतो तो मेव्हण्याचं, साडूचं, कुणाचं तरी ऑपरेशन सांगून जातो. त्यातला जगलेला माणूस किती कंटाळवाणा असतो ते बघ, त्याची गोष्ट दोन मिनिटांत संपते. मेलेल्याची मात्र चहा होईपर्यंत पुरते.

तर काम असं आहे. त्या दिवशी मी आत असेन आणि ती बाहेर. तिच्याशेजारी बसायला तू ये. हे तिच्या देखत लिहितोय. वॉर्डात हळू बोलायचं, एवढी तिची अट आहे.

लोभ तसाच आहे, मधे जरा धूळ बसली होती.

तुझा,
माधव


॥ श्री ॥

जिंतूर,
दि. ३० डिसेंबर २०२५

ती. ईश्वरअप्पा भावजी यांना,
अनसूयाचा शि. सा. न. वि. वि.

वैदेहीला मुलगी झाली ते विरेशनं सांगितलंच असेल. फोनमध्ये रोज दाखवतात. नाक ह्यांचं आहे. ह्यांना अजून दोन महिने प्रवास नाही, म्हणून मी पण गेले नाही.

त्या दिवशी तुम्ही पाच तास माझ्याजवळ बाकावर बसलात, तेव्हा बोलायचं ते राहून गेलं. दार उघडलं की मी उभी राहायची आणि तुम्ही पदर धरून मला खाली बसवायचात. तेव्हा राग आला, मला लहान मूल समजायलेत का म्हणून. ह्यांनी तुम्हाला तसं पत्रात लिहिलं होतं, ते मला काल कळलं. बसवून ठेवलंत ते बरं केलंत. डॉक्टर बाहेर आले आणि तोंडावरची पट्टी सोडायला लागले, तेव्हा मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरून होते.

घरी आलोय, पण आजारपण संपलं असं वाटत नाही. हे खोकायला भितात. छातीशी उशी धरतात, आधी माझ्याकडं बघतात, मग खोकतात. मी गोळ्या द्यायला भिते. रोज सकाळी तळहातावर मांडते, हे मोठ्यानं नावं वाचतात, मी मोठ्यानं चिठ्ठी वाचते, जुळलं की मग पाणी. राजेश्री म्हणाली, काकू, तुमच्याकडं रोज कसली आरती असते? मी हसले, पण न वाचता अजून देववत नाही. खलबत्ता मी तिला देऊन टाकला.

आणि हे आता सगळं बोलायलेत. इथं दुखतंय, तिथं धडधडतंय, एकटं बसवत नाही, तू कुठं गेलीस. चाळीस वर्षं न बोललेलं एकदम निघालंय. मी भाजी टाकून येऊन बसते, करपते ती करपते. परवा मात्र करपली म्हणून ह्यांनी नाक मुरडलं, तेव्हा जीवात जीव आला.

काल पहिल्यांदा बाहेर चालायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाचं झाड आहे तिथपर्यंत, डॉक्टरांनी सांगितलेलं. मी येते म्हणाले तर हे नको म्हणाले, एकट्यानं जमलं पाहिजे. मी भाकरी थापत होते, ती तव्यावर तशीच ठेवून दारात येऊन उभी राहिले. सकाळची वेळ. लोक कामाला निघालेले, पोरं शाळेला, समोर दगडाबाई भाजीची गाडी घेऊन उभी. हे स्वेटर घालून, एक हात छातीवर ठेवून, पाऊल मोजून टाकत निघाले. ओळखीचा माणूस दिसला की मान हलवायचे. अर्ध्या वाटेवर गेले आणि थांबले. वळंनात. खांदे दिसायले, तोंड दिसंना. मला वाटलं झालं.

तेवढ्यात हे हळूहळू मागं फिरले. अख्ख्या गल्लीत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले, "अनसूया, भीती वाटायलीय. ये."

भावजी, लग्नाला चाळीस वर्षं झाली. रस्त्यावर ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. अगं, ऐकतेस का, वैदेहीची आई, एवढंच. दगडाबाई बघत राहिली. मी हाताला पीठ तसंच, पायात चप्पल नाही, तशीच गेले आणि ह्यांचा दंड धरला. मी परत घरी चला म्हणाले, तर हे नको म्हणाले, झाडापर्यंत जाऊ. गेलो. झाडाला हात लावला. मग आलो.

यायला लय वेळ लागला. भाकरीचा कोळसा झाला होता.

संक्रांतीला तुम्ही, विरेश, सगळे या. तोपर्यंत आमची काळजी करत राहा, आम्ही पण करायलोय.

आपली,
अनसूया